ड्रॉइंग कुणी दिलंय?

भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर काढू पाहणाऱ्या तरुणांना जाणती माणसं हमखास सांगतात, "इथे अर्धवट माल चालत नाही. आधी पूर्ण तयार करा, मग गिऱ्हाइकाकडे जा." हा सल्ला अनुभवातून आला आहे. १९६० च्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली, त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारे व्हेंडर वाढले, आणि चार सदोष नगांपायी अख्खा लॉट परत येणं म्हणजे काय ते त्यांनी सोसलं. तरीही नव्या सॉफ्टवेअरला हा सल्ला लावणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

व्हेंडरकडे काम येतं ते ड्रॉइंगसकट. माप, टॉलरन्स, मटेरियल, महिन्याचे नग, सगळं मोठ्या कंपनीने ठरवलेलं असतं. हा पार्ट कुणी घेईल का, असा प्रश्न त्याला पडत नाही. बनवता येईल का, एवढाच पडतो. सॉफ्टवेअरवाल्याचं नेमकं उलट. बनवता तर बहुधा येतंच. पण घेणार कोण आणि रोज वापरणार कोण, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. ड्रॉइंग नसताना वर्षभर बसून अचूक माल काढणं म्हणजे स्वतःच्या अंदाजाला मायक्रोमीटर लावणं.

शिवाय वाहनउद्योग सगळं पूर्ण करून मगच दाखवतो, हेही खरं नाही. सेटिंग बदललं की फर्स्ट पीस ओके झाल्याशिवाय ऑपरेटर पुढचा नग काढत नाही. नव्या पार्टला पीपीएपी, म्हणजे नियमित उत्पादनाआधी गिऱ्हाइकाची मंजुरी, लागते. गिऱ्हाइकाने वेगळं सांगितलं नसेल तर सलग किमान ३०० नग खऱ्या मशीनवर, खऱ्या वेगाने काढून दाखवावे लागतात. एरिक रीस यांनी २०११ मध्ये 'द लीन स्टार्टअप'मध्ये झटपट चाचणीची पद्धत मांडली, आणि तिचं मूळ टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत आहे हेही सांगितलं. कायझेनचे फलक शॉपवर लावायचे आणि तीच शिस्त सॉफ्टवेअरला लावणाऱ्याला उतावळा म्हणायचं, हे जुळत नाही.

टेल्कोच्या इंडिका मोटारीचं उदाहरण तर घरचंच आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ती आली तेव्हा तिच्यामागे काही वर्षांची मेहनत आणि रीतसर चाचण्या होत्या. तरीही गिऱ्हाइकांच्या हाती गेल्यावर तक्रारींचा ढीग लागला. कंपनीने त्या ऐकल्या, सुधारणा केल्या, २००१ मध्ये व्ही-टू आणली आणि ती चालली. टेल्कोला तेवढा दम होता. दोन-तीन जणांच्या कंपनीला तो नसतो. तिने तक्रारी आधीच गोळा केल्या पाहिजेत.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. वेबसाइट बिघडली तर पुन्हा सुरू करता येते. पॉवर प्रेसवर बिघाड झाला तर कामगाराची बोटं जातात. म्हणून मशीन चालवणाऱ्या किंवा सुरक्षेशी जोडलेल्या सॉफ्टवेअरचा कच्चा प्रयोग चालू लाइनवर कधीही करू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. पण बहुतेक कल्पना माहितीच्या असतात: मशीन का थांबली, रिजेक्शन कुठे झालं, माल कधी निघाला. त्यांच्या चाचणीला लाइनला हातच लावावा लागत नाही.

मशीन का थांबते ते टिपणारं ॲप काढायचंय, असं धरा. एक व्हीएमसी मशीन आणि एक शिफ्ट निवडा. पाच कारणं छापलेला कागद मशीनजवळ लावा, ऑपरेटरला खूण करू द्या, संध्याकाळी फोटो मागवून एक्सेलमध्ये स्वतः बेरीज करा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. कोडची एक ओळही लागत नाही. दोन आठवड्यांनी पाठवणं थांबवा. मालकाचा फोन आला तर गरज खरी. आला नाही, तर वर्ष वाचलं. यात आणखी काही हाती लागतं. सगळ्या खुणा 'टूल बदल'वर असतील आणि 'ऑपरेटर जागेवर नव्हता' ही चौकट कोरी असेल, तर कामगाराला हा कागद आपल्यावर उलटेल अशी भीती वाटते आहे. ती दूर केल्याशिवाय कितीही देखणं ॲप खोटेच आकडे गोळा करील. हे ऑफिसात बसून कळत नाही.

"आम्ही पंधरा मालकांना विचारलं, सगळे चांगलं म्हणाले," असंही ऐकू येतं. दारी आलेल्या होतकरू मुलाला आपल्याकडे कुणी वाईट म्हणत नाही. त्याच मालकाकडे पाच हजारांची पीओ, म्हणजे लेखी खरेदी-ऑर्डर, मागावी. मग तो खरं बोलतो: डेटा एन्ट्रीला माणूस नाही, मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर हेच पुन्हा भरावं लागतं, किंवा खरी अडचण मशीनची नाहीच, अडकलेल्या पेमेंटची आहे. ते शब्द तसेच लिहून घ्यावेत आणि इथल्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत बदललेला कागद घेऊन शुक्रवारी पुन्हा त्याच शॉपवर जावं.