वाफसा म्हणजे काय रे भाऊ?

साताऱ्याचं घर विकलं तेव्हा आई दादाकडे राहायला गेली. जाताना तिने मला एकच गोष्ट दिली, परसातल्या मोगऱ्याची फांदी लावून केलेलं रोप. ‘नीट सांभाळ गं,’ एवढंच म्हणाली.

पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत मी त्याची अगदी बडदास्त ठेवली. ऑफिसला जाताना तांब्याभर पाणी, आल्यावर पुन्हा तांब्याभर. फरशी खराब नको म्हणून कुंडीखाली छानशी बशी! महिन्याभरात पानं पिवळी पडली. तहान लागली असेल बिचाऱ्याला, म्हणून मी पाणी वाढवलं. मग पानं गळायलाच लागली.

शेवटी ऐन पावसाळ्यातल्या एका रविवारी कुंडी स्कूटीवर ठेवून नर्सरी गाठली. काकांनी मातीत बोट खुपसलं आणि विचारलं, ‘वाफसा बघून पाणी घालता ना?’ मीटिंगमध्ये काही न कळताही डोलावतो तशी मी मान डोलावली. काका हसले. ‘ताई, झाड बुडतंय तुमचं.’

तर मंडळी, माझ्यासारख्या मान डोलावणाऱ्यांसाठी हा छोटासा क्रॅश कोर्स.

वाफसा : माती चिखल नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही, अशी मधली अवस्था. मातीच्या कणांमध्ये पाणीही असतं आणि हवाही. मुळांना हवा लागते, हे मला कुठे माहीत होतं? शेतकरी पेरणीसुद्धा वाफसा आल्यावरच करतात. आपण फक्त बोट खुपसायचं. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी.

निचरा : जास्तीचं पाणी वाहून जाणं. कुंडीच्या तळाला भोक हवंच. बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, नाहीतर मुळं कुजतात.

कोकोपीट : नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी धरून ठेवतो, पण पोट भरत नाही. त्यासाठी शेणखत किंवा गांडूळखत लागतं.

डोळा : पान फांदीला जिथे जुळतं तिथला कोंब. नवी फूट तिथूनच येते. म्हणून कापायचं ते डोळ्याच्या जरा वर.

छाटणी : हिला घाबरू नका. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. थंडी सरताना कात्री चालवली, की उन्हाळ्यात कळ्या. अर्थात रोज पाच-सहा तास ऊन हवं.

माझ्या रोपाची मुळं काळी पडली होती. एकच फांदी हिरवी उरली होती. काकांनी तिचे चार तुकडे केले, प्रत्येकाचे एक-दोन डोळे मातीत जातील असे रोवले आणि सावलीत ठेवायला सांगितले. चारातले दोन जगले.

दोन्ही कुंड्यांना पालवी फुटल्यावरच आईला फोन करून सगळं कबूल केलं. म्हटलं, आता वाफसा बघूनच पाणी घालते. ती क्षणभर गप्प झाली.

‘हा शब्द तुझ्या आजोबांच्या तोंडी असायचा,’ म्हणाली. ‘बरं, त्यातली एक कुंडी माझ्यासाठी ठेव.’