पिवळ्या पानाची साक्ष

माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या मुलखात पौषातील भरदुपारी शाळूच्या शिवारात उभे राहिले असता, वरची पाने सुरळीसारखी वळलेली आणि बुडाकडची चार-दोन पाने कडांनी करपून ताटाला लोंबत असलेली दृष्टीस पडतात. वळलेली पाने सांजवेळी पुन्हा उलगडतात. करपलेले पान मात्र परत हिरवे होत नाही.

परतीच्या पावसाने मुरविलेल्या ओलीवरच वाढणाऱ्या या पिकाची ओल तुटली, म्हणजे ते प्रथम आपली पर्णरंध्रे मिटून घेते. त्यायोगे पाणी राखले जाते खरे, परंतु कार्बन डायऑक्साइडची वाटही आखडते, प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि जे ऊन अन्न करण्याच्या कामी यावयाचे तेच हरितद्रव्याच्या नाशास कारण होते. मग खालच्या पानांतील प्रथिने मोडून त्यांतील नत्र कणसाकडे धाडले जाते. हा व्यवहार प्रत्येक तृणधान्याच्या वार्धक्यात होतोच. पण दाणा हुरड्यातही आला नसता तो सुरू झाला, तर पुढे दाणा पोसावयास पानच उरत नाही, धाटातील साखर उपसली जाते, आणि अशा दुबळ्या धाटाला खडखड्या रोग गाठून उभे पीक लोळवितो. इथिओपियातील काही ज्वारींची पाने अशा ताणातही दीर्घकाळ हिरवी राहतात, व हा गुण इतर वाणांत उतरविण्याचे प्रयत्न संशोधकांनी चालविले आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ आणि मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ हे वाण दिले, यामागील जमिनीच्या खोलीचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

माझी तक्रार आहे ती पिकाच्या सरकारी पाहणीच्या वेळेविषयी. पिकाचा सरकारी अंदाज, म्हणजे पैसेवारी, पन्नास पैशांच्या आत की बाहेर, हा निवाडा दाण्याच्या उताऱ्यावरून, म्हणजे काढणीच्या सुमारास, होतो. वस्तुतः या मुलखात ज्वारीचे अर्धे मोल कडब्यात असते, आणि अकाली वाळलेल्या ताटाची पेंढी उचलताच पानांचा भुगा हातात येतो, जनावराच्या मुखी नुसते धाट राहते. 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2018-19 मध्ये माणदेशी माणसे गुराढोरांसह चारा छावणीत राहिली, ती चाऱ्याच्या याच अभावामुळे. उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा मोजण्याची सोय आता सरकारदरबारी आहे. तिला तलाठ्याच्या बांधावरील पाहणीची जोड देऊन, फुलोऱ्यानंतर दर पंधरवड्यास ताटावरील हिरवी पाने मोजून त्यांची नोंद तहसील कचेरीत व्हावी, आणि पाने घटताच, काढणीची वाट न पाहता, चाऱ्याची तजवीज सुरू व्हावी.