‘सून असावी तर अशी’ म्हणण्याआधी



यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या ‘टोकियो स्टोरी’चा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: कृतघ्न मुलं, बिचारे आईवडील. १९५३ सालचा हा सिनेमा एवढ्यावर संपवणं मला पटत नाही.

गोष्ट छोटी आहे. ओनोमिचीहून शुकिची आणि तोमी हे म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे येतं. मुलगा डॉक्टर, मुलगी शिगे पार्लर चालवते. कुणालाच वेळ नाही. आईवडिलांना आतामीला समुद्रकाठी पाठवलं तर स्वस्त पडेल, असा हिशोब भाऊबहीण मांडतात. मी कॉमर्सची, हिशोबात चूक नाही, हे मला मान्य करावं लागलं! शिगेचा नवरा सासूसासऱ्यांसाठी महागाची मिठाई आणतो, तर एवढी कशाला म्हणत ती स्वतःच खायला लागते. आईचा अंत्यविधी उरकला की जेवता जेवता आईचे कपडे मागते. आपल्या घरांत असं होत नाही, हे छातीवर हात ठेवून सांगा बरं. पण आई गेली तेव्हा ढसाढसा रडणारीही हीच शिगे. ओझू तिला खलनायिका करत नाही. त्याचा कॅमेरा खाली, चटईवर बसलेल्या माणसाइतकाच उंच असतो. घरातलंच कुणी बघतंय असं वाटतं.

मला बोलायचंय ते नोरिकोबद्दल. युद्धात गेलेल्या मुलाची ही विधवा, सेत्सुको हाराने केलेली. एका खोलीत राहते, नोकरी करते. रजा काढून सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते, सासूला आपल्या खोलीत झोपवते, वर हातात पैसे ठेवते. आपल्या बायका लगेच म्हणणार, सून असावी तर अशी!

पण तोमी काय म्हणते? पोरी, दुसरं लग्न कर. ती गेल्यावर सासरेही तेच सांगतात आणि तोमीचं घड्याळ तिला देतात. नोरिको रडत कबूल करते की तुम्ही समजता तेवढी मी चांगली नाही, कित्येक दिवस मला त्यांची आठवणही येत नाही. सासरे म्हणतात, विसरलीस तरी चालेल.

स्वतःच्या मुलाला विसर, हे सुनेला सांगणारं घर आपल्या समाजात मला फार कमी दिसलं. तिशीतली मुलगी विधवा होते, आणि वीस वर्षांनीही आपण तिचं कौतुक करतो ते ‘किती निभावलं हो हिने’ म्हणून. बारा भावनांत अनित्य भावना आपण पहिली म्हणतो. सुनेचं दुःख मात्र नित्य हवं!

सिनेमा सव्वादोन तासांचा आहे आणि संथ आहे. घरातल्या सुनेला शेजारी बसवून बघा. मधे म्हाताऱ्यांच्या दारू पिण्याचा एक लांबलचक प्रसंग येतो, तेवढा सोसून घ्या.