पदर कुणापुढं घ्यायचा?

जळकोटच्या पुरुषांच्या डोक्यावरची टोपी नेमकी कधी गेली, ते कुणालाच सांगता येणार नाही. आजोबांच्या पिढीत बोडक्या डोक्यानं पंगतीला बसणं वाईट दिसायचं. शेतात पटका, लग्नात फेटा, एरवी पांढरी टोपी. नातवांनी ती सोडली. त्यासाठी घरात भांडण झालं नाही, भावकीची बैठक बसली नाही.

पदराचं तसं झालं नाही. तो डोक्यावरून खांद्यावर यायला प्रत्येक घरात वेगळी तडजोड करावी लागली.

आमच्या या कर्नाटक सीमेलगतच्या भागात इरकल लुगडं होतं तोवर निदान कापडाची साथ होती. जाडसर सुती पोत. एकदा पदर घेतला की खुरपतानासुद्धा डोक्यावर बसून राही, उन्हात उपयोगीही पडे. पुढं नायलॉनच्या, सिंथेटिक साड्या आल्या आणि पदर घसरू लागला. एक हात कायम त्यात अडकला, नाहीतर पदर दातात धरावा लागला. पेटत्या चुलीपुढं भाकरी थापताना असला पदर सांभाळणं किती जिवावरचं असतं, ते सांभाळणारीलाच माहीत. मग बायकांनी हळूहळू वाट काढली. सासऱ्यांपुढं घ्यायचा, नवऱ्यापुढं नको. मोठे दीर ओसरीत आले की घ्यायचा, उठून गेले की सोडायचा. पुण्यात राहायला गेलं की ड्रेस चालतो, पण गावाकडं येताना नळदुर्ग मागं पडलं की एसटीतच ओढणी डोक्यावर येते. मग गाऊन आला. गाऊनवर ओढणी नाहीतर टॉवेल टाकून दळण आणायला जाणं सगळ्यांनी चालवून घेतलं. त्या टॉवेलनं काय झाकलं जातं? काहीच नाही. सासरचा मान राखल्याची ती नुसती पावती असते.

हे एका जातीचं किंवा धर्माचं नव्हतं. मराठा, लिंगायत, धनगर, मुसलमान घरांतल्या म्हाताऱ्या बायका लांबून येताना दिसल्या तर पदरावरून कोण कुठली ते कळत नसे. तांड्यावरच्या आज्यांची आरशांची ओढणी तेवढी उठून दिसे. आता कुणी मुलगी बुरख्यात कॉलेजला जाते, कुणी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून. दोघींचेही डोळेच काय ते दिसतात. पण जाब एकीलाच विचारतात, दुसरीचं उन्हाचं कारण लगेच पटतं. मला हा अन्याय वाटतो.

उमरग्याच्या पुढं, सीमेपलीकडं बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात संतकवयित्री अक्कमहादेवी तिथं आल्या त्या वस्त्र टाकून, केसांनीच अंग झाकून, असं परंपरा सांगते. तिथल्या शरणांचे, म्हणजे शिवभक्तांचे, अग्रणी अल्लमप्रभूंनी त्यांना खोचक प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि शरणांनी त्यांना आपल्यात मानाचं स्थान दिलं. ज्या घरांत अक्कांची तसबीर पुजतात, तिथंही सुनेचा पदर ढळला तर कुजबुज होते.

२०११ पासून राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसलेली सरपंच ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा हिशेब मागते, तेव्हा मला तो पदर हार वाटत नाही. बोलायला मिळावं म्हणून तिनं तो घेतलेला असतो. पण किंमत तिनंच मोजली, हे मी विसरू शकत नाही.

ज्यांनी हे सगळं सोसलं त्या आता सासवा झाल्यात. पुष्कळजणी सुनेला म्हणतात, "घरात राहू दे गं, गावात तेवढा घे. लोक नावं ठेवतात." त्यांनी एवढं तरी म्हणावं, "लोकांचं मी बघते."