नोकरी सोडण्यातच धैर्य असते काय?

रोजच्या नोकरीत आणि संसारात सर्जनशीलता मरते, म्हणून ज्याला काही नवे करायचे आहे त्याने हिंमत करून त्यातून बाहेर पडावे, हे मत आज इतक्या ठामपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागायचेही कुणाला सुचत नाही. राजीनामा देणारा तेवढा शूर आणि हजेरीपटावर सही करत राहणारा भित्रा, अशी वाटणी त्यामागे आहे. अपमानाची नोकरी लाथाडायला धैर्य लागतेच. त्याबद्दल वाद नाही. पण या वाटणीने असंख्य माणसांना स्वतःच्या दिवसांकडे तुच्छतेने पाहायला शिकवले आहे, म्हणून ती खोडून काढली पाहिजे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातले पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधन संस्थेचा आधार नाही. १९४९ मध्ये त्यांना सापडलेली गोष्ट अशी: चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा आणि उत्तरावर पुन्हा हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच थांबते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर सातही पायऱ्या लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. यासाठी लागणारे भांडवल म्हणजे प्राथमिक शाळेतली वजाबाकी. ती असंख्य शिक्षकांच्या हाताखालून रोज जात होती. कापरेकरांनी तिच्याकडे पुन्हा पाहिले. एका संख्याप्रकाराला त्यांनी रेल्वे स्टेशनचे नाव दिले, तर दुसऱ्याला आपल्या गावाचे: देवळाली संख्या, म्हणजेच स्वयंभू संख्या. रोजची जागा त्यांच्या कामाच्या आड आली नाही. ती थेट त्या कामात उतरली.

यावर म्हटले जाईल की हा अपवाद आहे. बुद्धी अपवादात्मक होती हे खरे, परिस्थिती मात्र नव्हती. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती आणि शेत-घरकामातून सुटका नव्हती. त्यांची कविता त्या कामातच घडली. जात्यावरच्या ओव्यांना तर फुरसत हवी हा नियमच लागू पडत नाही. दळण चालू असतानाच त्या रचल्या गेल्या, आणि अभ्यासक गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढ्या ढिगाला अपवाद म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप, कापरेकरांचे गणित करमणुकीचे, उथळ होते. देशातल्या अनेक गणितज्ञांनी ते तसेच मानले. ते खोल सिद्धांतांचे गणित नव्हते हे मान्य करायला हरकत नाही. पण म्हणूनच धैर्याचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे जगभरचे वाचक कापरेकरांकडे वळले ते १९७५ मध्ये, वयाच्या सत्तरीत. तोवरची दशके हा माणूस कुणी दाद देईल या हमीवाचून, थट्टा सोसत, वह्या भरत राहिला. राजीनाम्याचे धाडस एका दिवसाचे असते आणि त्याला प्रेक्षकही मिळतात. हे धाडस रोज नव्याने करावे लागत होते, तेही कुणी पाहत नसताना.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: असे बोलून आपण कष्टांचा गौरव करतो आणि ते लादणाऱ्यांना मोकळे सोडतो. हा धोका खरा आहे. बहिणाबाईंच्या कविता उरल्या त्या घरातल्यांनी लिहून ठेवल्या म्हणून. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. जे कुणी टिपून ठेवले नाही ते गेले, आणि अशा किती बायांचे किती गेले याचा हिशेबच नाही. तेव्हा वेळ, मजुरी, शिक्षण यांची मागणी झालीच पाहिजे. प्रयोगशाळेवाचून जे होत नाही त्यासाठी प्रयोगशाळाही मागितली पाहिजे. पण हे सारे हाती येईपर्यंत आयुष्य रिकामेच असते, असे म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. जात्यावर बसलेल्या बाईला ‘तुझी सर्जनशीलता इथून उठल्यावर सुरू होईल’ असे सांगणारा तिचे कष्ट कमी करत नाहीच, उलट तिने दळता दळता रचलेल्या ओव्या मात्र हिशेबातून वगळून टाकतो.