डब्यावर हजार वॉट, कुंडीत अंधार

एका शनिवारी रात्री आमच्या सोसायटीच्या वॉचमनने शेवटी विचारलंच, "साहेब, रोज पार्टी असते का तुमच्याकडं?"

पार्टी कसली बॉस! हॉलमध्ये डिस्को छाप जांभळ्या दिव्याखाली बसली होती एक तुळस. आणि तीही मरायला टेकलेली.

आता ही तुळस साधीसुधी नाही. गेल्या वर्षी आमचं कराडचं घर विकलं. भांडीकुंडी वाटली गेली, कपाटं गेली, वृंदावन मात्र उचलून आणता येत नाही. आईने त्यातल्या तुळशीच्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. "तुझ्याकडं रुजव. तुळशीच्या लग्नाला येते मी." बाबांनी लावलेल्या तुळशीचं ते बी. म्हणजे डेडलाइन पक्की आणि क्लायंट साक्षात आई!

रोपं उगवली झकास. पण वाकडच्या माझ्या फ्लॅटसमोर आता दुसरा टॉवर उभा आहे. ऊन येतं ते फक्त त्याच्या काचांवर. महिन्याभरात रोपं उंटासारखी मान लांबवून खिडकीकडे झुकली. पानं फिकट, दोन पानांमधलं अंतर बोटभर. उजेड कमी पडला की रोपं अशीच ताणतात.

मग आपण जे करतो तेच केलं. रात्री बारा वाजता ऑनलाइन ग्रो लाइट मागवला. डब्यावर काय काय लिहिलेलं! '१००० वॉट', 'फुल स्पेक्ट्रम', 'नासा टेक्नॉलॉजी'. किंमत अठराशे रुपये. म्हटलं, नासाचा दिवा याहून स्वस्त कुठे मिळणार?

तीन आठवड्यांनी रोपं होती त्याहून वाईट. ऑफिसातला इलेक्ट्रिकलवाला मित्र घरी आला, त्याने दिवा स्मार्ट प्लगला लावला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. आकडा होता २२ वॉट. "अरे, हजार वॉट म्हणजे गिझरच्या निम्मा! तो कधी असा थंडगार असतो का?"

मग हजार आले कुठून? सोपं आहे. आत छोटे शंभर एलईडी, प्रत्येकाची कागदावरची ताकद १० वॉट. गुणाकार करा आणि डब्यावर छापा. प्रत्यक्षात ते चालतात त्याच्या अगदी थोड्या अंशावर. म्हणून पहिला धडा: प्लगमधून खेचलेले वॉट तेच खरे. 'इतक्या वॉटच्या बरोबरीचा' हे वाक्य दिसलं की पुढे सरका.

दुसरा धडा रंगाचा. जांभळाच का? तर हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं, हे आपण शाळेत शिकलेलो. पण अख्खं पान म्हणजे काही परीक्षानळीतलं हरितद्रव्य नव्हे. १९७२ साली मॅक्री या संशोधकाने २२ जातींच्या पिकांच्या पानांवरची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळजवळ सगळाच प्रकाश पानाच्या कामी येताना दिसला, हिरवासुद्धा. लाल थोडा जास्त, एवढंच. म्हणजे जांभळा दिवा अगदीच खोटा नाही, लाल एलईडी विजेच्या हिशेबात काटकसरी असतात. नासाने २०१४ साली अंतराळ स्थानकात नेलेल्या 'व्हेजी' या बागेचा उजेडही जांभळट आहे. पण म्हणून अठराशेचा डबा नासाचा होत नाही! साधा पांढरा एलईडी म्हणजे आत निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा लेप, त्यातून निळ्यापासून लालपर्यंत सगळं निघतं. 'फुल स्पेक्ट्रम'ही त्याहून फार वेगळं काही नसतं.

तिसरा धडा सगळ्यात महत्त्वाचा. ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत. रोप मोजतं फोटॉन. अंडी जशी डझनात, तसे फोटॉन मायक्रोमोलमध्ये. दिव्यातून सेकंदाला किती मायक्रोमोल निघतात तो आकडा घ्या, खऱ्या वॉटने भागा. आजच्या चांगल्या फिटिंगमध्ये उत्तर अडीच ते तीनच्या आसपास येतं. आठ-दहा आलं तर समजा की कंपनीने भौतिकशास्त्राचे नियमच बदललेत. आणि पानावर किती पडतो हा आकडा कुठे मोजलाय तेही बघा. बरेच जण दिव्याच्या बरोबर खाली, अगदी जवळ मोजून तोच छापतात. कडेच्या कुंडीचं काय? शिवाय छोटा दिवा दुप्पट लांब टांगला की उजेड साधारण चौथाईवर येतो. माझा दिवा चार फुटांवर होता!

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर मोबाइलवरचं लक्स ॲप चालतं, जरा ओबडधोबड. पांढऱ्या एलईडीचे लक्स ७० ने भागायचे, सूर्यप्रकाशाचे ५४ ने. जांभळ्या दिव्याला ही युक्ती लागू नाही, ॲप साफ चुकतं. माझ्या खिडकीत भरले जेमतेम १००० लक्स, म्हणजे सेकंदाला, चौरस मीटरवर अठरा-एकोणीस मायक्रोमोल. अख्ख्या दिवसात एक मोलसुद्धा नाही. तुळशीच्या सख्ख्या बहिणीला, बेसिलला, दिवसाला निदान १२ मोल हवेत असं मानतात. बिचारी तुळस उपाशीच होती.

मग हार्डवेअरच्या दुकानातून साध्या पांढऱ्या एलईडी बॅटन आणल्या. दोन फुटी, १० वॉटच्या चार. शेजारी शेजारी लावून शेंड्यांपासून पाच-सहा इंचांवर टांगल्या. पानांवर १६ हजार लक्स भरले. भागिले ७०, म्हणजे साधारण २३०. टायमर चौदा तासांचा, म्हणजे दिवसाला साडेअकरा मोल. वीज महिन्याला सतरा युनिट. चारही बॅटनचा खर्च त्या नासाच्या डब्याहून कमी! तुमचा मनीप्लांट असेल तर एवढाही खटाटोप नको, त्याचं थोडक्यात भागतं.

दोन रोपं गेली. एक वाचलं. नवी पानं जवळजवळ येतायत, गडद हिरवी. परवा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती लक्सबिक्स काही विचारत नाही. म्हणाली, "पान चुरगाळून बघ. वास येतो का?"

बघितलं. येतो. कराडच्या अंगणातला.

आई पुढच्या महिन्यात येतेय. वॉचमनलाही सांगून ठेवलंय, लग्नाला यायचं. पार्टी एकदाची होऊनच जाऊ दे!