पेटी आणली, निगा कोण राखणार?

हल्ली बऱ्याच घरांत राउटरशेजारी एक काळी पेटी येऊन बसली आहे. आत दोन हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. घरातल्या सगळ्या मोबाइलमधले फोटो, मुंजी-लग्नांचे व्हिडिओ, गुणपत्रिका वगैरे रात्रीतून तीत जाऊन पडते. जाणकार तिला ‘नॅस’ म्हणतात. १ जून २०२१ पासून गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हा अनेकांना स्वतःच्या घरातल्या जागेची आठवण झाली. मीही त्यांतलाच.

पेटी चांगलीच आहे. पण आपण ती फ्रिजसारखी आणतो, एकदा लावली की झाले! तिची जात कौलारू घराची आहे. कोकणात कौले शाकारल्याशिवाय कोणी पावसाची वाट पाहत नाही.

दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाते, म्हणून एक गेली तरी दुसरी आहे, असे दुकानदार सांगतो. ते खरेच आहे. पण नातवाने चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी जातो. खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातले तर तेही दोन्हींना. आपल्या तोंडाला काजळी लागली तर आरशातला चेहरा स्वच्छ कसा राहील?

शिवाय दोन्ही डिस्क एकाच छपराखाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचे पाणी घरांत शिरले. पाणी काही डिस्क मोजत बसत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम म्हणूनच मला पटतो. आमची बाहेरची प्रत नाशिकला धाकट्या बहिणीकडे असते. भाऊबीजेला मी ताजी भरलेली डिस्क नेतो आणि तिच्याकडची परत आणतो. ओवाळणी वेगळी द्यावी लागते, हा भाग निराळा.

खरी जोखीम मात्र पेटी भरल्यावर येते. एक डिस्क काढून तिथे मोठी घालायची. पेटी उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळे नवीवर उतरवून घेते. मग दुसरी बदलायची. दोन्ही मोठ्या झाल्यावरच जागा वाढते. या उतरवणीला कित्येक तास, कधी दिवसही लागतो आणि तेवढा वेळ सारा भार पाच-सहा वर्षे अखंड फिरलेल्या एकट्या डिस्कवर असतो. तिने त्याच रात्री मान टाकली तर? म्हणून आधी बाहेरची प्रत ताजी करावी, ती उघडून पाहावी, पेटीला यूपीएस असावा आणि मगच स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा. काढलेली डिस्कही सारे सुरळीत होईपर्यंत पुसू नये. त्यातले ‘आता जागा झाली’ म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारणारे वीर मी पाहिले आहेत.

आतल्या सॉफ्टवेअरचेही तसेच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या जगभर इंटरनेटवरून परस्पर पुसल्या गेल्या. त्यांच्यासाठी शेवटची सुधारणा २०१५ मध्ये निघाली होती. पेट्या ठणठणीत होत्या, आतले फोटो गेले. कंपनीने हात काढून घेतला की ती पेटी इंटरनेटपासून तोडावी किंवा बदलावी. पैसे जिवावर येतात, कबूल.

पण मला सर्वांत जास्त खुपते ते हे, की या पेटीचे सारे ज्ञान घरातल्या एकाच माणसाच्या, बहुधा पुरुषाच्या, डोक्यात असते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ अचानक गेले. त्यांनी सुरक्षिततेसाठी फोटोंच्या फोल्डरला सांकेतिक कुलूप घातले होते. वहिनींना पेटी म्हणजे एक हिरवा दिवा, एवढेच ठाऊक. डिस्क शाबूत, दिवा चालू, वीस वर्षांचे फोटो आत आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेलेली. कोणाही तंत्रज्ञाचा इलाज चालला नाही.

आमच्याकडे पासबुकांच्या फायलीत आता एक कागद आहे. त्यावर पेटीचा पासवर्ड, कुलपाची किल्ली, नाशिकच्या डिस्कचा उल्लेख आणि काय कोणत्या क्रमाने करायचे ते साध्या मराठीत लिहिले आहे. दर सहा महिन्यांनी ही किंवा मुलगी त्यावरून एक जुना फोटो बाहेर काढते, मी शेजारच्या खोलीत गप्प बसतो. गेल्या खेपेला मुलीला पंचवीस मिनिटे लागली. कागदावरची चौथी ओळ तिला कळली नव्हती, ती आम्ही बदलली.